तळसुऱ्याचे तेरावे उखळ

तळसुरे गावच्या शिवेबाहेर जो उघडा कातळ पसरलेला आहे, त्यावर एका ओळीत तेरा उखळे कोरलेली आहेत. त्यांतील बारा पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुसळांनी आतून गुळगुळीत झालेली आहेत. तेरावे मात्र दगड आणि चुना घालून काठोकाठ बुजवलेले आहे. प्रस्तुत लेखिकेचा या कथेतील वाटा एवढाच, की गावच्या शाळेत एकतीस वर्षे शिकवून निवृत्त झाल्यावर पाहुण्यांना या कातळावर आणण्याचे काम तिने आपणहून अंगावर घेतले. कथा ऐकली तशीच येथे मांडली आहे. जेथे पदरचे काही घातले आहे, तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

असे सांगतात, की फार पूर्वी सलग तीन वर्षे तळसुऱ्याच्या भातावर करपा पडला. चौथ्या वर्षी गावप्रमुख सोमाजी गावकर कडजाईच्या देवळात उभे राहिले आणि साऱ्या गावाच्या वतीने नवस बोलून गेले: पीक हाती लागले, तर गाव देवीसारखे जेवील. तांदूळ एकदा नव्हे, तीनदा सडलेला, म्हणजे उखळात कांडून कोंडा काढलेला, मोगऱ्यासारखा पांढरा असेल, आणि शिवेच्या आत कोणाच्याही पानात काळे काही पडणार नाही. त्या वर्षी पीक असे आले, की कणग्या अपुऱ्या पडल्या. गावाने नवस पाळायला घेतला. लाल भात गेला. नाचणी काळी, म्हणून ती गेली. कुळीथ काळा, म्हणून तोही गेला. तांदळाच्या तिसऱ्या सडणीसाठी कातळावर तेरावे उखळ कोरण्यात आले, आणि सडून निघालेला कोंडा गुरांपुढे जाऊ लागला.

सडण्याचे काम बारा कांडपिणींकडे होते. त्यांच्या झोपड्या कातळावर, म्हणजे शिवेबाहेर होत्या. त्यांतील सर्वांत वडील ती आवडा. एके काळी तिच्या दारी दोन नांगर होते, आणि त्या दिवसांत तिची एकुलती लेक सुभी गावकरांच्या घरी सून म्हणून गेली होती. पुढे आवडाचा नवरा गेला, दिरांनी जमीन दाबली, आणि आवडाने मुसळ हाती घेतले. नवस आपल्यालाही लागू आहे काय, हे विचारायला ती गावकरांकडे गेली, तेव्हा गावकर ओटीवर बसून हसले.

“नवस शिवेच्या आतला, विहीणबाई. शीव ओलांडली, की नवस मागे राहिला. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. तुम्हाला आणखी काय हवे?”

ओटीवरची माणसेही हसली. आवडाने ते बोलणे पदराला गाठ मारून ठेवले. कांडपिणी पूर्वीप्रमाणे एकदा सडलेला लाल तांदूळ, नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी खात राहिल्या. उरलेल्या कोंड्याचे मुटके करून तेही खात राहिल्या.

दोन वर्षे गेली, आणि गावात एक विचित्र दुखणे शिरले. धडधाकट माणसांचे पाय जड होऊ लागले. पायांना मुंग्या येत, मग मुंग्याही येईनाशा होत. उकिडवा बसलेला माणूस हात टेकल्यावाचून उठेना. ज्या घरी नवस अधिक कडक, त्या घरी दुखणे अधिक, म्हणे. परंतु लोकांनी त्याचा अर्थ उलटा लावला. नवसात कोठे तरी कसूर होत असली पाहिजे, असे म्हणून त्यांनी तांदूळ चौथ्यांदा सडायला पाठवला.

पौष महिन्यात सुभी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. गाडीतून उतरून ती अंगणात चालली, आणि आवडाचे डोळे तिच्या पायांवर खिळले. तळव्यात करवंदीचा काटा मोडून रक्त येत होते, आणि सुभी हसत बोलत होती.

“काटा लागला गो तुला.”

“कुठे, आये?”

आवडाने काटा काढला. लेकीने पाय मागे घेतला नाही.

तिने विचार केला तो कांडपिणीसारखा केला. बारा बायका दिवसभर उभ्या राहून मुसळ चालवतात आणि एकीचाही पाय लटपटत नाही. कोंडा खाणारी गुरे तुकतुकीत आहेत. पांढरा भात खाणारी माणसे तेवढी खाली बसत आहेत. पाणी एकाच झऱ्याचे आणि वारा एकाच खाडीवरचा. वेगळे होते ते फक्त पान.

दुसऱ्या दिवशी गावकरांकडून पांढऱ्या तांदळाची टोपली आली आणि सोबत निरोप आला: सुनेच्या पोटात आमच्या घरचा जीव आहे, तिला हेच घालावे. आवडाने टोपली तशीच गाडीत ठेवली आणि गाडीवानाला म्हणाली, “गावकरांना सांग, शीव ओलांडली, की नवस मागे राहतो. त्यांचेच शब्द आहेत. विसरले असतील, तर ओटीवरच्यांना विचारावे.”

सुभी मात्र ताटावर बसून रडू लागली. “आये, देवी कोपली आणि माझ्या मुलाला काही झाले, तर?”

“कोपली, तर माझ्यावर कोपेल. हे तू शिजवले नाहीस, तांदूळ तू सडला नाहीस. तू फक्त माहेरी जेवते आहेस.”

लेक जेवली. एकसडी लाल भात, कोंड्याचे मुटके, नाचणीची आंबील, कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला. कांडपिणींच्या घरी जे शिजे, ते सारे जेवली. पंधराव्या दिवशी तळव्याला गार जमीन लागली, म्हणून ती दचकली. माघात तिला मुलगी झाली. फाल्गुन लागला, तेव्हा ती झऱ्यावरून घागर घेऊन येत होती.

फाल्गुनात शिमगा आला. कडजाईची पालखी सूर्यास्तापूर्वी देवळातून निघून सहाणेवर, म्हणजे ती टेकवण्याच्या दगडी चौथऱ्यावर, पोचली पाहिजे, असा रिवाज. न पोचल्यास देवी गाव सोडते, अशी समजूत. त्या दिवशी ढोल सुरू झाले आणि सोळा भोई खांदा द्यायला उकिडवे बसले. पालखी हातभर उचलली गेली आणि खाली आली. पुन्हा उचलली, पुन्हा आली. तिसऱ्या खेपेस पुढचा भोई, सुभीचा नवरा राणोजी, बसला तो उठलाच नाही. ढोल थांबले. सूर्य खाडीपलीकडच्या माडांना टेकला होता.

त्या शांततेत कातळाच्या पायवाटेने बारा बायका उतरताना दिसल्या, आणि त्यांच्यापुढे सुभी. ती थेट सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली. सोमाजी गावकर काठीवर रेलून उभे होते. त्यांचे पायही सुजलेले होते.

“मामंजी, इकडे बघावे,” ती म्हणाली. मग कडेवर चाळीस दिवसांची लेक घेऊन ती सर्वांदेखत उकिडवी बसली, आणि हात न टेकता उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. गाव श्वास रोखून पाहत राहिले. पौषात याच सुनेला गाडीत बसवताना दोघांनी धरले होते, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

“काय खाल्लेस तू?” गावकरांनी विचारले.

“काळे,” सुभी म्हणाली.

आवडा पुढे झाली. “बोलणे मागाहून करू. दिवस बुडतो आहे. ज्यांच्या पायांत बळ आहे, त्यांना पालखी उचलू द्या.”

“बायकांचा खांदा पालखीला? कोणी ऐकले आहे का?”

“बसलेली पालखी तरी कोणी ऐकली आहे, गावकर?”

एका ढोलकऱ्याला हसू आवरले नाही, आणि त्याची टिपरी ढोलावर पडली. तोच इशारा समजून बारा कांडपिणी वाकल्या. मुसळाने कमावलेले चोवीस हात दांडीला लागले आणि पालखी एका झटक्यात वर आली. ढोल घुमले. बायका पळत निघाल्या. मागे चालू शकणारे चालले, न चालणारे काठ्या टेकीत, भिंती धरीत निघाले. सहाणेवर पालखी टेकली, तेव्हा सूर्याची केवळ कोर उरली होती, असे सांगतात.

तेथेच भिवा गुरवाने देवीला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवून त्याने विचारले: नवस मोडावा काय? उजवी पाकळी पडली, तर होकार; डावी पडली, तर नकार. लोक वाट पाहत राहिले. एकही पाकळी पडली नाही.

“देवी गप्प आहे,” गुरव म्हणाला. “नवस बोलताना आपण तिला विचारले नव्हते. तिने मागितलेच नव्हते, तर मोडायला ती काय सांगणार? आपण बांधले, ते आपणच सोडायचे.”

येथे थोडे लेखिकेचे पदरचे. भाताच्या कोंड्यात एक जीवनसत्त्व असते, फार सडल्याने ते निघून जाते, आणि ते अन्नातून सतत कमी पडल्यास पायांतील बळ जाते, असे वैद्यकशास्त्र सांगते. आख्यायिका ही आख्यायिका आणि शास्त्र हे शास्त्र. दोहोंची गल्लत करू नये. परंतु कांडपिणीने जे डोळ्यांनी पाहिले, ते खोटे नव्हते.

त्या संध्याकाळी सहाणेवर ठरले ते असे, की तळसुऱ्यात तांदूळ एकदाच सडावा, नाचणी आणि कुळीथ प्रत्येक चुलीवर परत यावेत, देवीच्या नैवेद्यातही तेच असावेत, आणि तेरावे उखळ बुजवून टाकावे. आजही शिमग्याला पालखीला पहिला खांदा गावच्या बायकांचा असतो, आणि आजही देवीपुढे लाल भाताची मूद ठेवली जाते.

संमती कोणाकोणाची होती, हेही गावाला पाठ आहे. भिवा गुरवाची होती. बारा कांडपिणींची होती. सोळा भोयांची होती. त्यांनी ती बसूनच दिली, कारण उठणे त्यांना अजून जमत नव्हते. सोमाजी गावकरांची संमती सर्वांत शेवटी आली. ते सुनेला म्हणाले, “सूनबाई, आज माझे पान तू वाढ. विहीणबाईंच्या चुलीवरचे वाढ.”