ढोलीची फट

फार जुनी गोष्ट. डोंगरातल्या एका रानात एक सुतारपक्षी राहायचा. देवानं आपल्याला लाकूड फोडणारी चोच दिली, याचं त्याला भारी अप्रूप. रोज सकाळी वाळक्या खोडावर ठकठक करून तो देवाचे आभार मानायचा, आणि ते साऱ्या रानाला ऐकू जायचं.

एकदा शेजारच्या झाडावरून क्षीण हाक आली. तिथं धनेशीण पिल्लं घेऊन ढोलीत बसली होती. धनेश पक्ष्यांच्या रीतीप्रमाणे तिनं ढोलीचं तोंड लिंपून घेतलं होतं, आणि तिचा नवरा बारीक फटीतून उंबरं भरवायचा. कालपासून तो परतलाच नव्हता.

"थांबा वहिनी, ही भिंत आत्ता फोडतो," म्हणत सुतारपक्ष्यानं चोच उगारली.

"नको भावोजी," ती आतून म्हणाली. "माझी पिसं गळलीत, मला उडता येत नाही. भिंत गेली तर साप आत शिरेल. तेवढं खायला आणून द्या."

सुतारपक्षी हिरमुसला. ज्या जोरावर तो मिरवायचा, तो इथं कामाचा नव्हता. तरी तो उंबराच्या झाडाकडे उडाला. पटाशीसारख्या चोचीत गोल फळ धरवेना. पहिलं वाटेतच पडलं. तो पुन्हा गेला. मग रोज उजाडल्यापासून जातच राहिला.

एका सकाळी साळुंकीनं त्याला टोकलं, "काय रे, हल्ली तुझी ठकठक ऐकू येत नाही. देवाला विसरलास वाटतं?"

सुतारपक्ष्याच्या चोचीत उंबर होतं. तो तसाच ढोलीकडे वळला. फटीतून पिल्लांचा कालवा ऐकू येत होता.