उन्हात वाळवलेलं भात

“देवीच्या नैवेद्याला नवं भात हवं, आणि तेही उन्हात वाळवलेलं! चुलीवर वाळवलेलं चालणार नाही! परवा सकाळी आणलं नाहीस, तर शेत जप्त!”

राजा गजध्वजाने हुकूम सोडला आणि छत्री सावरली. यंदा पाऊस थांबायचे नावच घेत नव्हता. दरबारही गळत होता. सिंहासनाखाली बेडूक बसले होते आणि प्रधानाच्या पगडीत गवत उगवले होते.

नैवेद्याचे भात देण्याचा मान यंदा तुळाजीच्या घराकडे होता. तो हात जोडून म्हणाला, “महाराज, पण सूर्य कुठंय?”

“ते तू आणि सूर्य बघून घ्या!”

तुळाजी घरी येऊन डोळे पुसू लागला. होते ते एवढेच शेत!

“आबा, रडू नका, घरात आधीच पुष्कळ ओल आहे!” त्याची मुलगी सगुणा म्हणाली. “भात इकडे द्या.”

ठरल्या दिवशी ती टोपली घेऊन दरबारात उभी राहिली. राजाने दाणा चावला. कटकन वाजला! मग त्याने नाक मुरडले.

“धुराचा वास येतोय! चुलीवर वाळवलंस! शेत गेलं!”

“चुलीवरच, महाराज, पण उन्हानं! ऊन जुनं आहे, थोडा वास येणारच!”

“जुनं ऊन?”

“चैत्रात आईनं शेणाच्या गोवऱ्या थापल्या. ओल्या होत्या, अंगणात पडून दिवसभर ऊन पीत होत्या. ते ऊन आम्ही माळ्यावर रचून ठेवलं. आता चुलीत बाहेर काढलं!”

“काहीतरीच!” प्रधान खेकसला. “शेणात कसलं आलंय ऊन?”

“मग प्रधानजी, ऊन न प्यालेली गोवरी पेटवून दाखवा!”

प्रधान हट्टाला पेटला. गोठ्यातून ताजे शेण आले, निखारे आले. प्रधानाने गाल फुगवून फुंकर मारली. पुन्हा मारली. शेण तसेच राहिले, फक्त थोडे त्याच्या मिशांवर आले.

सगुणाने पदराखालची वाळकी गोवरी निखाऱ्यांवर ठेवली. ती भडकन पेटली! राजाने नकळत हात पुढे केले. किती दिवसांनी बोटांना ऊब लागत होती!

“अरे, हे तर खरंच चैत्रातलं!” राजा खदखदून हसला. “पोरी, शेत तुमचंच! आणखी काय देऊ?”

“साऱ्या गावाचं भात ओलं आहे, महाराज. राजवाड्याच्या वखारीत गोवऱ्या-लाकडं छताला टेकलीत. तेवढं ऊन गावात वाटून टाका!”

राजाच्या हातून छत्री निसटली, इतका तो हसला.

“प्रधानजी, उघडा वखार! घरोघर ऊन वाटून या! पण आधी तोंड धुवा!”