बांधातले भोक

त्या राज्याचे सगळे पाणी एका मातीच्या बांधाने अडवले होते आणि त्या बांधाला एक भोक होते.

भोक दिसले त्या सकाळी कारभारी बगळा काठाने फिरत होता. समोरून एक कासव चालले होते. "कासवराव, जरा चार दिवस बसता का इथे? दगड आला की तुम्ही मोकळे." इतक्या सहज विचारल्यावर नाही कसे म्हणायचे? कासव भोकात रुतून बसले. पाणी थांबले.

दगड आला नाही, नियम आला. जो वर्षभर सलग एका जागी बसेल तो कायमचा, आणि कायमच्याला म्हातारपणी पूर्वेकाठची उबदार वाळू. म्हणून दरवर्षी एक दिवस कासवाला बाहेर काढू लागले. त्या दिवशी पाणी धो धो वाहून जाई, खालच्या अंगाची घरटी वाहून जात, आणि बगळा वहीत लिही : खंड पडला. दुसऱ्या सकाळी कासव पुन्हा आत. यात कुणालाच काही विचित्र वाटत नसे, कासवालाही नाही.

अशी बत्तीस वर्षे गेली. कासवाचे पोट गारठ्याने बधिर झाले. दुखत नाही म्हणजे बरे आहे, असे ते धरून चालले.

"अहो, यंदा तरी वाळूचं विचारा," कासवीण म्हणाली. "तुमच्याच्यानं आता होत नाही."

त्याने विचारले. बगळ्याने वही उघडून प्रेमाने समजावले, "बत्तीस वर्षं कुठली हो? दरवर्षी नव्यानंच बसलात ना तुम्ही? आणि तेही आपखुशीनं. बोलावल्याची इथं नोंद नाही."

कासवाला फार वाईट वाटले. पण मागे पाणी सुटले होते, म्हणून ते भोकाकडे परतले.

त्याच थंडीत ते आतल्या आत मेले. पाणी गळले नाही, त्यामुळे कुणाला कळले नाही. खंडाच्या दिवशी ओढायला गेले तेव्हा ते हाताला हलके लागले.

"आता तरी वाळूत नेऊ द्या," कासवीण म्हणाली.

बगळ्याने वही चाळली. मेल्याबद्दल तीत काही नव्हते.

कवच दिवसभर काठावर उपडे ठेवले. पाणी वाहत राहिले. दुसऱ्या सकाळी ते पुन्हा भोकात बसवले आणि बगळ्याने वहीत लिहिले : पहिला दिवस.