निशूचं कालबूत

"पण बुवा, टोपीत खोट नाही, तर ती परत का येते?"

दिगंबर मयेकर हे बोलला तेव्हा त्याचा एक पाय अजून मठीच्या बाहेरच होता. टेकाड चढून धाप लागलेली. खांद्याला पिशवी, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात तीन कोनांची काळी टोपी.

नाखवाबुवा दारातल्या उन्हात बसून, किनाऱ्याला वाहून आलेल्या एका दोरीचा गुंता सोडवत होते. डोकं उघडं. कितीही ऊन असो, बुवा डोक्यावर काही घेत नसत.

"आधी पाणी पी," ते म्हणाले. "माठ तिकडे आहे."

दिगंबर पाणी प्याला. बुवांपुढे नारळ ठेवला, वाकून नमस्कार केला.

आता तिथली रीत अशी, की कुणी नारळ आणला की बुवा तो तिथल्या तिथे दगडावर फोडायचे आणि अर्धी वाटी आणणाऱ्याच्या हातात परत द्यायचे. आज त्यांनी नारळ उचलला, आणि नुसता गुडघ्याशी ठेवून दिला.

दिगंबरच्या ते ध्यानात आलं. पण तो आपल्याच रागात होता.

बुवा एके काळी मोठ्या होडीवर तांडेल, खलाशांचे म्होरके, होते. एकदा ती होडी गेली ती परत आली नाही. बुवा एकटे आले. त्यानंतर ते समुद्रावर गेले नाहीत आणि समुद्रापासून लांबही गेले नाहीत. खाडीच्या तोंडाशी ही मठी बांधून राहिले. गावातली माणसं अडलं-नडलं की वर येऊन बसायची. बुवा बोलायचे थोडं.

दिगंबर खाली तरीवर, म्हणजे खाडीपार नेणाऱ्या बोटीवर, तिकिटं द्यायचा. ते पोटापुरतं. जीव सगळा टोप्यांत. हौस म्हणून सुरू केलेलं, मग हळूहळू गिऱ्हाईक लागलं. मावळ्याची पगडी करायचा, शिंदेशाही पागोटं करायचा, गोऱ्या साहेबाची उंच टोपी करायचा. पण सगळ्यांत जास्त खप चाच्याच्या टोपीला. जुन्या काळी समुद्रावर गलबतं लुटत त्या चाच्यांची. काळा नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, तिन्ही बाजूंनी कड वर दुमडलेली, पुढे पांढरी कवटी. नाटकवाले न्यायचे, शाळा मागवायच्या, किल्ला बघायला आलेली शहरातली माणसं फोटोपुरती घ्यायची आणि मग डोक्यावरून काढायला विसरायची.

गावात त्याला 'चाचा' म्हणत. तोंडावरच म्हणत. त्याला आवडायचंही.

"परत पाठवणारे म्हणतात काय?" बुवांनी विचारलं.

"तो पुणेकर, रत्नागिरीचे नाटकवाले, शाळेच्या बाई, सगळे बसत नाही म्हणतात. लहान होते म्हणतात."

"होते का?"

"बुवा, मी माप मागवून घेतो. टेप कपाळावरून कशी न्यायची, कानांच्या किती वरून न्यायची, फोनवर समजावून सांगतो. त्या मापाचं कालबूत काढतो, त्याच्यावर टोपी घडवतो."

कालबूत म्हणजे डोक्याच्या घाटाचा लाकडी ठोकळा. ओला नमदा त्यावर ताणून बसवायचा, म्हणजे त्याला डोक्याचा घाट येतो.

"ह्या सगळ्या किनाऱ्यावर माझ्यासारखा हात दाखवा," दिगंबर म्हणाला. "टोपीत खोट नाही."

"मग डोक्यात असेल."

"तेच म्हणतो मी."

"त्या पुणेकराचं डोकं मोठं?"

"मोठंच."

"आणि रत्नागिरीच्या नाटकवाल्यांचं?"

"त्यांचंही."

"आणि शाळेच्या त्या बाईंचं..."

दिगंबर टोपीची कड चाचपू लागला.

"सगळ्या मुलखाची डोकी एकदम वाढली म्हणायची," दोरीचा एक पदर ओढून काढत बुवा म्हणाले. "न्हाव्यांची चंगळ आहे."

एरवी दिगंबर पहिला हसला असता. त्याने हातातली टोपी पुढे केली.

"ही तुमच्यासाठी आणलीय. तुमचं माप मी नजरेनं घेतलंय. घालून बघा आणि मग सांगा, खोट कुणात ते."

बुवांनी दोरी खाली ठेवली. टोपी दोन्ही हातांनी डोक्यावर घेतली. ती डोक्यात शिरलीच नाही. खांबावर कावळा बसावा तशी वर टेकून राहिली. बुवांनी मान जराशी वळवली, आणि टोपी घरंगळून त्यांच्या मांडीवर पडली.

"चाचे लुटून न्यायचे," बुवा म्हणाले. "तू पार्सल करून पाठवतोस. एवढाच फरक."

"थट्टा नका करू, बुवा."

"बरं. नाही करत."

खाली ओहोटी लागली होती. खाडीचा चिखल उघडा पडत चालला होता...

"घरी काय चाललंय?" बुवांनी विचारलं.

दिगंबरने मान खाली घातली.

"अमावास्येला भटजी यायचेत."

कशाला, हे बुवांनी विचारलं नाही. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. दिगंबरचा एकुलता एक मुलगा निशिकांत मालाच्या बोटीवर कामाला होता. भर समुद्रात एका सकाळी हजेरी घेतली, तर तो नाही. बिछाना होता, चपला होत्या, माणूस नाही. बोट मागे फिरवली, शोधलं, म्हणे. हाती काही लागलं नाही. त्याला आता वर्षं झाली. तरी त्याची आई रोज रात्री त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची, आणि सकाळी स्वतःच ते उघडायची.

"सुलभा म्हणते, अहो, माझा हात आता त्या ताटाला उचलत नाही," दिगंबर सांगू लागला. "म्हणते, मला एकदा पोटभर रडू द्या. त्याला मोकळं करा, मलाही करा. तुम्ही विधीला बसा, नाहीतर माझ्या भावाला बसवते."

"तू काय म्हणालास?"

"मी ऐकत होतो. भटजी सगळं समजावून सांगत होते. देह मिळाला नाही, तर पळसाच्या पानांचा देह मांडायचा. हात पानांचे, पाय पानांचे. त्यालाच अग्नी द्यायचा. आणि डोक्याच्या जागी..."

त्याने पिशवी पोटाशी ओढली.

"डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा म्हणाले. मी म्हटलं, भटजी, मी इतकी वर्षं डोकी मापणारा माणूस. माझ्या पोराचं डोकं म्हणून मला नारळ दाखवता? तसाच उठलो. मागे वळून बघितलं नाही."

बुवांचा हात गुडघ्याशी, नारळावर होता. तो तिथेच राहिला.

"पिशवीत काय आहे?"

"कुठे काय..."

"मघापासून पोटाशी धरून बसलायस."

दिगंबरने पिशवीत हात घातला. आतून एक कालबूत काढलं. पांगाऱ्याच्या लाकडाचं, हात लागून लागून काळपट, गुळगुळीत झालेलं. मागे डाव्या अंगाला जरासं चपटं. कपाळाच्या जागी पेन्सिलची एक रेघ, पुसट.

"निशूचं आहे," तो म्हणाला. "विधीत त्याची एखादी वस्तू ठेवायची, तर हे ठेवू या, म्हणाली सुलभा. तिच्या हाती लागू नये म्हणून घेऊन निघालो."

बुवांनी हात पुढे केले. दिगंबरला ते देणं जड गेलं, पण दिलं.

बुवांनी कालबूत मांडीवर घेतलं. डाव्या अंगाच्या त्या चपट्या जागेवरून अंगठा फिरवला.

"ह्याच्यावर काय घडवतोस?"

"काही नाही. टोपी ज्याच्या त्याच्या मापावरच घडते. नुसती शेवटी... सुकायला ठेवताना ह्याच्यावर ठेवतो."

"का?"

"ह्याच्यावर ती टोपी दिसते, बुवा. बाकीच्या कालबुतांवर नमदा दिसतो."

"ओली असते?"

"ओलीच."

"आणि ओला नमदा सुकताना..."

हे दिगंबरला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ओला नमदा सुकताना आवळत जातो. ज्याच्यावर असेल, त्याचं माप घेतो.



दूर तरीचा भोंगा वाजला. दिगंबरचं तिकडे लक्ष गेलं नाही.

"मला कळत नव्हतं असं नाही," शेवटी तो म्हणाला. आवाजात अजून ताठा होता. "कळत होतं. सकाळी टोपी काढताना ती ह्या कालबुताला चिकटून यायची, तेव्हाच कळायचं. तरी तीच पाठवायचो. येऊ देत परत. परत आलेल्या सगळ्या मी फळीवर ओळीने मांडून ठेवल्यात. पगड्या आहेत, पागोटी आहेत, चाच्याच्या तर कितीतरी. लोक हसतात, हसू देत. तो आला, की त्यातली पाहिजे ती घेईल. त्याला सगळ्याच बसतील."

बुवा कालबुताकडे बघत होते.

"हे केलंस तेव्हा केवढा होता रे तो?"

"सातवीत. गॅदरिंगला चाचा झाला होता. पहिली टोपी ती माझी. तोपर्यंत मी सुईला हात लावला नव्हता. पोराला पाटावर बसवलं, सुतळीनं डोकं मापलं. गुदगुल्या होतात म्हणून हसत होता सारखा... त्यातच रेघ वाकडी आली, बघा."

"आणि बोटीवर गेला तेव्हा?"

"तेव्हा काय. बाप्या झाला होता. दाढी होती. दारातून वाकून जायचा."

बुवांनी कालबूत त्याच्या हातात परत दिलं. मग मांडीवरची टोपी उचलली आणि तीही दिली.

"दिगू," ते हळूच म्हणाले. "आज तो तुझ्या दारात येऊन उभा राहिला... तर ही त्याला बसेल?"



दिगंबरच्या एका हातात कालबूत, एका हातात टोपी. त्याने टोपीत मूठ घालून बघितली. मग कालबूत बघितलं. केवढंसं होतं ते. एवढ्या वर्षांत ते केवढं आहे हे त्याने बघितलंच नव्हतं.

आणि मग त्याला ती सकाळ आठवली. निशूच्या निघण्याची. ट्रंक दारात आलेली, सुलभा डब्यात लाडू भरत होती, आणि निशूने खुंटीवरची ती सातवीतली टोपी काढून गंमत म्हणून डोक्यावर ठेवली होती. ती शिरेना. डोक्यावर टेकून राहिली. सगळे हसले होते. सुलभाही डोळे पुसता पुसता हसली होती.

"बाबा, आता ही मोठी करा," निशू म्हणाला होता. "आल्यावर घालतो."

दिगंबरने हे बुवांना सांगितलं.

"केलीस मोठी?" बुवांनी विचारलं.

"नाही."

"का रे?"

"सुतळी घेऊन उठलो होतो मी. तर म्हणाला, बाबा, गाडी चुकेल. मी म्हटलं, जाऊ दे, आल्यावर घेऊ माप. घरचंच तर डोकं आहे, कुठं जातंय..."

टोपी हातातून गळून पडली. त्याने ती उचलली नाही. ताठा होता तो गेला. बायकोशी भांडताना होता, भटजींसमोर होता, टेकाड चढतानाही होता. आता नुसता एक म्हातारा माणूस उन्हात बसला होता, पोटाशी लाकडाचा ठोकळा धरून.

"सगळ्या मुलखाची डोकी मापली, बुवा," तो म्हणाला. "पुण्याची, मुंबईची. ज्यांची तोंडंसुद्धा बघितली नाहीत त्यांची मापं मला पाठ आहेत. त्याचं एकट्याचं राहिलं. घरात होता तोवर घ्यायचं राहिलं."

त्याने कालबूत मांडीवर ठेवलं, त्या वाकड्या रेघेवरून बोट फिरवलं.

"एक तरी टोपी त्याच्या खऱ्या मापाची व्हायला हवी होती. एकच. मग भटजी म्हणतील तिथं बसलो असतो. म्हणतील ते केलं असतं..."

खाली खाडी पार रिकामी झाली होती. चिखलात एक होडी कलंडून पडली होती. पाणी कुठे लांब, दिसेल न दिसेल असं.

"सांगा ना, बुवा. आता कुठून आणू मी त्याचं माप?"

बुवांनी दोरीचा गुंता तसाच बाजूला सारला. गुडघ्याशी ठेवलेला, न फोडलेला नारळ उचलला. दोन्ही तळव्यांत धरला, जसं कुणी तान्ह्याचं डोकं धरतं.

मग वाकून तो दिगंबरच्या ओंजळीत ठेवला.

"ह्याचं घे."