ठसेवालीच्या दाराशी शिपाई

कुठल्याशा राज्यात एक ठसेवाली राहायची. लाकडावर चित्र कोरायचं, शाई फासायची, कागदावर उमटवायचं आणि बाजारात विकायचं, हा तिचा धंदा.

तिच्या एका चित्राने राज्यभर हशा पिकवला होता. राजा डोळे मिटून न्यायासनावर बसलाय, आणि पाठीमागून त्याचा हात व्यापाऱ्याची थैली घेतोय. त्यात खोटं काहीच नव्हतं. दर बाजाराआधी अशीच थैली देऊन व्यापाऱ्याने भाजीवाल्यांची बाजारातली जागा बळकावली होती.

ठसेवाली मात्र जात्याच भित्री. मांजराने भांडं पाडलं तरी तिच्या छातीत धडधडायचं. राजाचं बोलावणं आलं तेव्हा तर ती भिंती धरत धरत राजवाड्यात पोचली.

राजा गोड हसला. "घाबरू नका बाई. चित्र झकास आहे. तेवढा हात काढून टाका, बाकी राहू द्या. तुमच्या दिमतीला एक शिपाई देतो. कोणी वाकड्या नजरेनं बघणार नाही."

घरी येऊन तिने ठशातला हात तासून टाकला. शिपाई आला. कितीतरी दिवसांनी तिला शांत झोप लागली.

गटाराकाठी टोपली मांडून बसलेली भाजीवाली मावशी नवं चित्र बघतच राहिली. "राजाचा हात कुठे गेला गं?"

"ते... जागा पुरेना, मावशी."

"जागा तर माझी गेली. तुझी कशी गेली?" मावशीने मागे उभ्या शिपायाकडे पाहिलं. "व्यापाऱ्यानं थैली दिली, जागा घेतली. तू हात पुसलास, शिपाई घेतलास. आता आम्ही हसायचं कुणाला?"

ठसेवालीने शिपायाला परत पाठवलं. तासलेलं लाकूड काही पुन्हा चिकटत नाही, म्हणून नवी फळी घेतली. बाहेर भांडं पडलं की दचकायची, तरी कोरत राहिली. राजा आला, त्याचा हात आला, थैली आली. आणि व्यापाऱ्याच्या मागे, बाहुलीएवढा शिपाई कडेवर घेतलेली एक बाई आली.

"ही कोण गं?" मावशीने विचारलं.

"मीच."

मावशी हसता हसता टोपलीला टेकली. "आता दे. दोन दे."

चित्र दारोदार लागलं. पुढच्या बाजाराआधी व्यापारी नवी थैली घेऊन राजवाड्याच्या मागच्या दाराशी गेला. दारावर तेच चित्र होतं, आणि तोच शिपाई ते बघून गालातल्या गालात हसत होता. व्यापाऱ्याने थैली उपरण्याखाली दडवली आणि आला तसा परतला. थैली पोचलीच नाही, म्हणून त्या बाजाराला मावशीची टोपली पुन्हा जुन्या जागी लागली.

तात्पर्य: घाबरून घेतलेली मेहेरबानीसुद्धा लाचच असते. ती आधी स्वतःच्या चित्रात दाखवावी, मग लोक राजाचं चित्र खरं मानतात.