एक हॉल, दोन नवऱ्या

खुर्चीत मुरलेल्या म्हाताऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष खर्डेकर त्यातलेच. मी बांधलेल्या एकाच सिस्टिमवर पाच संस्थांचे ऑनलाइन फॉर्म चालायचे. नाव, रंग, प्रश्न जिचे तिचे. हे कळल्यावर ते बिथरले.

“आमच्या मुलांची माहिती दुसऱ्या संस्थेत गेली तर? त्यात हा कॉलेज सोडलेला पोरगा. आधी याला काढा, मग काम देतो.”

मी उठलोच होतो. आमच्या कंपनीच्या मालकीण शिरीनताईंनी हाताला धरून बसवलं.

“साहेब, काल तुमच्या संस्थेच्या मंगल कार्यालयात लग्नं किती होती?”

“दोन. सकाळी बाबरांचं, संध्याकाळी शहांचं.”

“हॉल वेगवेगळे?”

“एकच आहे. दारावरची पाटी बदलतो, जेवण बदलतो.”

“मग बाबरांची नवरी शहांच्या घरी गेली का हो?”

खर्डेकरांच्या क्लार्कला हसू आवरेना. खर्डेकरांनी कराराचा कागद पुढे ओढला.

“आणि हा पोरगा?”

“तो राहणार. नवरी योग्य घरी तोच पोचवतो.”

त्यांनी सही केली.

ताईंनी मला पदवी कधीच विचारली नाही. मोठ्यांना मान देण्याची मला सवय नाही. त्या आल्या की मात्र मी उठून उभा राहतो.