एका तासाचे घड्याळ

एकदा एक आई आपल्या शाळेतल्या जुन्या बाईंकडे एक प्रश्न घेऊन गेली. प्रश्न साधा होता, पण गेले कित्येक महिने तो तिचा पिच्छा सोडत नव्हता : मुलाने संगणकापुढे किती वेळ बसावे?

आईचे नाव शर्वरी. नोकरी करणारी, टापटिपीची, नियमाला पक्की बाई. तिची मुलगी अन्विता दहा वर्षांची. वडील नोकरीनिमित्त परगावी, त्यामुळे घरात या दोघीच. शाळेच्या कामासाठी म्हणून लॅपटॉप आणला आणि काम आटोपले तरी अन्विता त्याच्यापुढून उठेनाशी झाली. डोळे चोळायची आणि पुन्हा खेळात बुडायची. हाक मारली तर तिला ऐकूच येत नसे. शर्वरी घाबरली. तिने चार जाणत्यांना विचारले. एक म्हणाला तासभर चालेल, दुसरा म्हणाला दोन, तिसऱ्याने सांगितले, "मुळीच नको, मुलगी हातची जाईल." शेवटी तिने आपणच ठरवले. रोज एक तास. बाजारातून गजराचे घड्याळ आणून लॅपटॉपशेजारी ठेवले. गजर झाला की झाकण बंद.

नियम सुरू झाला आणि घरातली शांतता गेली. गजर वाजला की रडारड ठरलेली. शाळेतून येताच अन्विताचा पहिला प्रश्न, "आई, माझा तास कधी?" पुस्तक हातात असे, पण लक्ष काट्यांकडे. शर्वरीचेही चित्त थाऱ्यावर राहीना. कचेरीतून परतली की पायातली चप्पल काढण्याआधी ती लॅपटॉपच्या पाठीवर तळहात टेकवून पाही. गरम लागला, तर आपल्या माघारी चोरून लावला होता हे कळे.

एका संध्याकाळी तिने असाच हात ठेवला. लॅपटॉप गार होता, पण ओलसरही होता. खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल लटकत होता.

शर्वरीने टॉवेल उचलून दोरीवर टाकला. रागवायचेही तिला सुचले नाही. मुलीचे डोळे बिघडतील, अभ्यास बुडेल, ही काळजी तिला होतीच. पण आपले मूल आपल्याला फसवण्याची इतकी नीट तयारी करू लागले आहे, हे भय निराळे होते. तिने मुलीला काही विचारले नाही. मुलीनेही काही सांगितले नाही.

दिवाळीची सुट्टी लागताच मुलगी, लॅपटॉप आणि घड्याळ घेऊन ती बाईंच्या गावी गेली. बाई निवृत्त होऊन धाकट्या बहिणीसह कालव्याकाठच्या छोट्या घरात राहत होत्या. शर्वरीला त्यांनी गणित शिकवले होते.

"बाई, आता तुम्हीच सांगा," शर्वरी म्हणाली. "एक तास की दोन? की अजिबात नको? तुम्ही सांगाल तो आकडा मी पाळीन."

बाई ते गजराचे घड्याळ हातात घेऊन उलटसुलट पाहत होत्या. त्यांनी ते शर्वरीच्या पिशवीशेजारी ठेवले. मग म्हणाल्या, "पोरगी ठेव माझ्याकडे चार दिवस. लॅपटॉपही राहू दे. हे घड्याळ तेवढं परत ने."

"घड्याळ परत नेऊ? अहो बाई, घड्याळ असूनसुद्धा हिने..."

"ने म्हटलं ना शर्वरी."

शिष्या गुरूपुढे काय बोलणार? ती घड्याळ पिशवीत टाकून परतली. पण घरी तिचा जीव लागेना. संध्याकाळी फोन करून तिने विचारले, "आज किती वेळ बसली होती?" बाई म्हणाल्या, "बसली होती खरी. मोजलं नाही बाई मी." दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी शर्वरीने रजा टाकली आणि सकाळची एसटी पकडली.

ती पोचली तेव्हा दुपार झाली होती. पडवीत अन्विता लॅपटॉपमध्ये डोके घालून बसली होती. आत पाटांपुढे दोन ताटे वाढलेली होती. एका ताटापुढे बाई हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसल्या होत्या. भातावरची वाफ केव्हाच गेली होती.

"आलेच हं आजी!" अन्विता मान वर न करता म्हणाली.

"ये सावकाश," बाई म्हणाल्या.

शर्वरीच्या अंगाचा तिळपापड झाला. सत्तरीची म्हातारी उपाशी बसली आहे आणि ही मुलगी! ती तरातरा पडवीकडे निघाली. बाईंनी तिचा पदर धरला आणि शेजारी जागा दाखवली. शर्वरी बसली. बाहेर कीबोर्ड टकटकत होता. ही येणारच नाही, तिला वाटले, ही आता कुणाचीच उरली नाही.

टकटक थांबली. झाकण मिटल्याचा आवाज आला. अन्विता हात धुऊन आत आली, आईला पाहून दचकली, पण मुकाट्याने ताटावर बसली. बाईंनी पहिला घास घेतला.

जेवणानंतर कुणीतरी अंगणातून हाक मारली आणि अन्विता लगोरी खेळायला पळाली. तेव्हा शर्वरीने विचारले, "बाई, तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"एवढंच, की बहीण लवकर जेवून घेते आणि मला एकटीला जेवण जात नाही. पहिल्या दिवशी ही उठलीच नाही. माझी बहीण चिडली, पण मी बसून राहिले. दुपार टळली तेव्हा पोरगी आली, माझं ताट तसंच पाहिलं आणि रडायला लागली. काल लवकर आली. आज तू पाहिलंस. आणि दिवेलागणीला लॅपटॉप झाकायचा, हे मात्र मी तिला बजावलंय. झोपेशी खेळ नाही."

"पण वेळ किती, बाई?"

"आकडा मलाही ठाऊक नाही गं. मी उलट बाजूनं मांडणी करते. दिवसात आधी झोप बसव. कुणाबरोबर तरी जेवण, घाम येईस्तोवर खेळ, अभ्यास, थोड्या गप्पा. मग उरेल ती जागा त्या यंत्राला. कधी तास उरेल, कधी काहीच नाही. ज्या पाच मिनिटांनी झोप मोडली, ती पाच मिनिटंही जास्तच. तू मात्र दिवसात एक तासच बसवलास आणि बाकीचं घर रिकामं ठेवलंस. रिकाम्या घरात पोर वाट कशाची पाहणार?"

"मी कामावर असते बाई. घरी आल्यावर स्वयंपाक, मग फोन..." शर्वरी मध्येच थांबली.

बाईंनी ते ताणले नाही. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी तिला विचारलं, हा खेळ आईला दाखवतेस का? तर म्हणाली, आई बघत नाही. आई फक्त हात लावते."

शर्वरीच्या डोळ्यांत पाणी आले.

घरी परतल्यावर सारे सुरळीत झाले असे नाही. जेवायच्या वेळी अन्विता कधी उठे, कधी रुसून बसे, आणि शर्वरीलाही ताटापुढे थांबणे दर वेळी जमत नसे. भीतीही गेली नव्हती.

एका संध्याकाळी ती कचेरीतून लवकर आली. अन्विता अवेळी लॅपटॉपपुढे बसली होती. आई दिसताच तिचा हात झाकणाकडे झेपावला, चेहरा पांढरा पडला. शर्वरीच्या ओठांवर शब्द आले होते. तिने ते गिळले, खांद्यावरची पर्स काढून खाली ठेवली आणि म्हणाली, "सरक जरा."

अन्विताने अविश्वासाने तिच्याकडे पाहिले. मग ती खुर्चीत एका बाजूला सरकली. पडद्यावर एक नदी होती आणि तिच्यावर अर्धा बांधलेला पूल.

"हा सारखा पडतो," मुलगी चाचरत म्हणाली. "का पडतो ते कळत नाही."

"बघू," आई म्हणाली.

मुलाने तिथे किती वेळ बसावे, हे दाराशी उभे राहून कळत नाही. त्यासाठी आधी त्याच्याशेजारी जाऊन बसावे लागते.